मधमाशी चावली, आता काय? पेटीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

वाईच्या वरच्या अंगाला डोंगरात माझ्या सातेरीच्या (आपली देशी मधमाशी) २५ पेट्या आहेत आणि मेलिफेराच्या (युरोपियन मधमाशी) ४०, त्या कांदा बियाण्याच्या आणि सूर्यफुलाच्या प्लॉटवर फिरवतो. १४ वर्षं झाली. नवीन पोरं ट्रेनिंग करून येतात, पेट्या घेतात, आणि पहिल्यांदा तोंड भोपळ्यासारखं सुजलं की फोन करतात, रात्री ११ ला सुद्धा. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. डॉक्टरांना विचारून, वाचून आणि अंगावर काढून जे कळलं ते इथे आहे, गोळ्या-इंजेक्शनाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

डंख बसला. पहिल्या मिनिटात काय करायचं?

काटा काढा. आधी काटा, मग बाकीचं. कामकरी माशीच्या काट्याला उलटे दात असतात, तो आपल्या जाड कातडीत अडकतो आणि माशी उडायला गेली की तिच्या पोटातून विषाच्या पिशवीसकट तुटून मागे राहतो. माशी मरते, पण पिशवी थांबत नाही. एकदा मनगटावरचा काटा नीट जवळून बघा, साबुदाण्याहून बारीक पांढुरका गोळा असतो आणि तो चक्क हलत असतो, छाती धडधडावी तसा, माशी कुठे लांब जाऊन पडलेली असते आणि हा आपला पंप मारतोय. बहुतेक विष पहिल्या २० सेकंदांत आत जातं, म्हणून "थांब जरा, ही पेटी बंद करतो मग काढतो" हे करू नका.

हातात फ्रेम, म्हणजे पेटीतली पोळ्याची चौकट, असेल तर मात्र ती टाकू नका, टाकली की एका डंखाचे पन्नास होतात. फ्रेम हळू ठेवा, काटा नखाने खरवडा, त्या जागेवर स्मोकरचा धूर मारा, पाच-दहा पावलं बाजूला व्हा. धूर का, तर काट्याबरोबर एक वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा, तो बाकीच्या माशांना सांगतो की इथे मारा. त्या द्रव्याचं नाव आयसोपेंटाइल ॲसिटेट. पेटीजवळ केळ्याचा वास आला आणि आसपास कोणी केळं खात नसेल तर गुपचूप मागे सरकायचं. आणि तुम्हीही केळं खाऊन पेटीवर जाऊ नका.

नंतर साबण-पाण्याने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून १०-१५ मिनिटं धरा, हात असेल तर उंच ठेवा.

चिमट्याने काढला तर पिशवी दाबली जाऊन विष जास्त जातं, खरं का?

आम्हाला पण ट्रेनिंगमध्ये हेच शिकवलं होतं, पत्त्याच्या कार्डाने नाहीतर नखाने आडवा खरवडायचा म्हणून. १९९६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला, हातावर मुद्दाम डंख घेऊन काटा वेगवेगळ्या पद्धतीने आणि वेगवेगळ्या वेळाने काढून बघितला. चिमटीत धरून काढा की खरवडा, गांधीच्या आकारात फरक नाही. फरक पडला तो उशिराने, जितके सेकंद जास्त तितकी गांध मोठी. म्हणजे कार्ड शोधत खिसे चाचपण्यापेक्षा बोटांनी उपटलेला बरा.

किती दुखणं, किती सुजणं नॉर्मल?

पहिली काही मिनिटं आग, मग लाल गांध, मध्ये पांढरा ठिपका, मग सूज, मग खाज. दुखणं काही तासांत उतरतं, सूज एक-दोन दिवसांत. आग होते ती मुख्यतः मेलिटिन नावाच्या द्रव्यामुळे, सुकवलेल्या विषात निम्मा भाग तेच असतं, पेशींची आवरणं फोडतं. हे प्रत्येकाला होतं, तुम्हाला पण मला पण. ही ॲलर्जी नाही, हे विष आहे आणि विषाचं काम ते करतंय.

माझा तर हात कोपरापर्यंत सुजला, तीन दिवस उतरत नाही. हे जिवावरचं आहे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त घबराट पण इथेच. बोटाला डंख आणि मनगट गायब, पायाला डंख आणि चप्पल जात नाही. सूज १० सेंटिमीटरच्या वर गेली आणि २४ तासांपेक्षा जास्त टिकली तर डॉक्टर लोक तिला मोठी स्थानिक रिॲक्शन म्हणतात. ती दुसऱ्या दिवशी वाढते, एक-दोन दिवसांत कळसाला जाते आणि पूर्ण जायला आठवडा, कधी दहा दिवस घेते. यात ॲलर्जीचा भाग आहे हे खरं, पण ती सूज डंखाच्या जागेपासून सलग पसरत गेलेली असते. अशा लोकांपैकी पुढे कधीतरी सगळ्या अंगावर रिॲक्शन येणारे शंभरात साधारण ५ ते १० असतात. बाकीच्यांना दर वेळी सूज येते, शिव्या देतात, पुन्हा पेटीवर जातात.

सूज किती मोठी यापेक्षा ती कुठे आहे ते बघा. डंख हाताला आणि सूज हातालाच, तर थांबून बघता येतं. डंख हाताला आणि ओठ सुजलेत, तर गाडी काढा.

उपाय म्हणाल तर बर्फ, हात उंच, खाजेला सिट्रिझिनसारखी गोळी, सूज फारच असेल तर डॉक्टर दोन-तीन दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. त्या मनाने घेऊ नका, डायबेटिस असेल तर साखर चढते.

आणि अंगठी! हाताला डंख बसला की त्याच मिनिटाला अंगठी, कडं, घड्याळ उतरवायचं. मी उतरवली नव्हती. दुसऱ्या वर्षी उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला डंख बसला, संध्याकाळपर्यंत बोट वांग्यासारखं जांभळं, साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला, शेवटी सोनाराने बारीक कातरीने लग्नातली अंगठी कापली. कापताना तो विचारतो, "मध तरी किती निघाला?" तेव्हापासून पेटीवर जाताना अंगठी घरी खुंटीला.

दुसऱ्या दिवशी लाल झालं, गरम लागतंय. इन्फेक्शन झालं का, अँटिबायोटिक घेऊ?

बहुतेक वेळा नाही. पहिल्या दोन दिवसांतली लाली आणि गरमपणा विषाच्या रिॲक्शनचाच असतो, त्याला अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. तीन-चार दिवसांनी, उतरायला लागलेली सूज पुन्हा वाढली, पू दिसला, ताप आला, तर मात्र दाखवा. नखांनी खाजवून कातडी फोडली की हे होतं, म्हणून नखं कापा.

टीटीचं इंजेक्शन पण लोक हमखास विचारतात. डंखातून धनुर्वात होणं अतिशय दुर्मिळ आहे. तुमचा नेहमीचा डोस झालेला असेल तर डंखासाठी म्हणून वेगळी धावाधाव नको.

चुना, हळद, कांदा, लोखंड घासणं, शेण, टूथपेस्ट... यातलं काय चालतं?

आमच्याकडे आजीपासून सगळे पटाशीचं लोखंड घासतात. गार लोखंड असतं, बरं वाटतं, बस तेवढंच. चुना लावणाऱ्यांचा हिशोब असा की विष आम्लधर्मी, चुना त्याला मारतो, पण विष कातडीच्या आत गेलंय आणि चुना बाहेर बसलाय, दोघांची भेटच होत नाही, वर चुन्याने कातडी भाजते ती वेगळी. शेण, माती नकोच. हळदीने कपडे पिवळे होतात, दुसरं मोठं नुकसान नाही. कांदा लावायचाय तर लावा, घरच्यांची समजूत निघते, पण एक बघा की या सगळ्यात १५ मिनिटं जाऊ देऊ नका, कारण खरी धोक्याची रिॲक्शन असली तर ती याच १५ मिनिटांत डोकं वर काढते.

मग खरी धोक्याची लक्षणं कोणती?

हे नीट वाचा, बाकी नाही वाचलं तरी चालेल.

माझी बायको पेटी उघडत नाही, तिला आवड नाही. पण माझे पेटीवरचे कपडे आणि तोंडावरची जाळी ती धुवायची. सहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी ती दोरीवर सूट वाळत घालत होती, घडीत एक माशी अडकलेली, मानेला चावली. त्याआधी दोन-तीनदा चावलेली, नुसती सूज आलेली, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. पाच मिनिटांनी ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "अहो, माझे हाताचे तळवे खाजतायत." चावली मानेला आणि खाजतायत तळवे, माझ्या डोक्यात तेव्हाही काही पेटलं नाही. मग पोटावर गांध्या उठल्या, पित्त उठतं तशा, मग आवाज बसला, खाकरायला लागली, आणि मग खुर्चीत बसून एकदम म्हणाली, "मला काहीतरी होतंय, मी राहत नाही." शेजाऱ्याच्या ओम्नीत घालून २० मिनिटं. दवाखान्यात डॉक्टरांनी बीपी बघितलं, मांडीत इंजेक्शन दिलं, आणि पाच-सात मिनिटांत तिच्या तोंडावर रंग आला. ते पाच-सात मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही.

डंखाच्या जागेपासून लांब काहीही झालं तर ती सर्व अंगाची रिॲक्शन. तळवे-तळपाय-डोक्याची कातडी खाजणं, अंगभर गांध्या, ओठ-जीभ-डोळे सुजणं, आवाज घोगरा होणं, गिळता न येणं, छाती भरणं, घुरघुर, पोटात कळ, उलटी-जुलाब, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, आणि ते "काहीतरी विपरीत होतंय" असं वाटणं, ते पण खरंखुरं लक्षण आहे, त्याला घाबरटपणा म्हणू नका. बहुतेक वेळा हे काही मिनिटांत ते अर्ध्या तासात सुरू होतं. नुसत्या अंगभर गांध्या असतील तरी दवाखान्याकडे निघायचं. श्वास, घसा, चक्कर यातलं काहीही असेल तर ते ॲनाफिलॅक्सिस आणि १०८ ला फोन, नाहीतर जे वाहन मिळेल ते.

माणसाला आडवं झोपवा, पाय वर. श्वास लागत असेल तर टेकवून बसवा. चालवत नेऊ नका, एकदम उठवून उभं करू नका, बीपी पडलेलं असताना उभं केलं की माणूस जागेवर जातो. पाणी, लिंबू सरबत, काही पाजू नका.

आणि बरं वाटलं म्हणून लगेच घरी आणू नका. काही जणांना काही तासांनी दुसरी लाट येते. डॉक्टर ठेवा म्हणाले तर ठेवा.

ते मांडीतलं इंजेक्शन कसलं? ॲव्हिल घेतली तर चालत नाही का?

ॲड्रेनालिन. कळकट खोक्यात मिळणारा छोटा काचेचा अँप्यूल, १ मिलीलीटरमध्ये १ मिलिग्रॅम, महाग अजिबात नाही. मोठ्या माणसाला त्यातला साधारण अर्धा, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. लागलं तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. दिल्यावर छाती धडधडते, हात थरथरतात, ते अपेक्षित आहे.

ॲव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि डेक्सा (स्टेरॉइड) आपल्याकडे सगळ्यात आधी टोचलं जातं, कारण ते प्रत्येक ठिकाणी असतं. खाज आणि गांध्या त्याने कमी होतात. पण आवळलेला घसा उघडणं आणि पडलेलं बीपी वर आणणं हे त्याचं काम नाही, ते फक्त ॲड्रेनालिन करतं, आणि ते पहिलं जायला हवं, ॲव्हिल मागून. आम्ही एका ठिकाणी आधी गेलो होतो तिथे नेमकं तेच नव्हतं, म्हणून पुढे जावं लागलं. तेव्हापासून पेट्या जिथे ठेवायच्या त्या गावात आधी चौकशी करतो, की सरकारी दवाखाना कुठे, रात्री उघडा असतो का, ॲड्रेनालिन आहे का. रस्ता, पाणी, फुलोरा बघतो तसंच हे.

घरी ठेवू का मग?

ज्याला एकदा अशी रिॲक्शन येऊन गेलीय त्याने डॉक्टरांशी हे बोलायलाच पाहिजे. परदेशात पेनसारखं तयार इंजेक्शन असतं, झाकण काढून मांडीवर दाबायचं, आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून अँप्यूल आणि सिरिंज. डॉक्टरांनी चिठ्ठी, डोस सगळं लिहून द्यायला हवं आणि टोचायला शिकवायला हवं, तुम्हाला आणि घरातल्या दुसऱ्या एकाला, कारण वेळ आली की तुमचे हात तुमचे नसतात. आम्ही नर्सताईंकडून संत्र्यावर शिकलो. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, औषध खराब होतं. रंग तपकिरी झाला की फेकायचं, तारीख गेली की बदलायचं. आणि टोचलं तरी दवाखान्यात जायचंच.

पण सवय होते ना? जुने लोक तर उघड्या हाताने काम करतात.

होते. आणि नाही पण होत. हीच मोठी गफलत आहे आमच्या धंद्यातली.

वारंवार डंख बसणाऱ्यांच्या रक्तात विषाला अडवणारी एक प्रकारची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) वाढतात, सूज कमी येते. वर्षाला २०० च्या वर डंख खाणाऱ्या मधपाळांमध्ये सर्व अंगाची रिॲक्शन फार कमी दिसते. उलट वर्षाला मोजके १०-२० डंख बसणारे, म्हणजे हौसेपोटी चार पेट्या ठेवणारे, तेच जास्त धोक्यात. विचित्र वाटतं पण आहे असं. पहिली काही वर्षं सगळ्यात नाजूक.

त्यात आपल्याकडे पावसाळा. जून ते सप्टेंबर डोंगरात पेटी फारशी उघडत नाही, फक्त साखरेचा पाक द्यायला झाकण उचलायचं. चार महिने डंख नाही, आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पहिला डंख बसतो तेव्हा दर वर्षी मला जाणवतं की गेल्या मेमध्ये जो डंख नुसता मुंगीसारखा वाटला होता तोच आता डोळा बंद करतोय. थंड देशांत हिवाळ्यानंतर वसंतात हेच होतं. म्हणून पावसाळ्यानंतरच्या पहिल्या दिवशी एकट्याने पेट्या उघडू नका, फोनला रेंज असेल तिथे उघडा.

आणि "मला १५ वर्षं काही झालं नाही" हा पुरावा नाही. स्पेनमध्ये ५५ वर्षांची एक बाई दोन वर्षं महिन्याला मधमाशीचे डंख उपचार म्हणून घेत होती, काही त्रास नाही, आणि एका डंखाला कोसळली, वाचली नाही. २०१८ मध्ये डॉक्टरांनी ती केस छापली. आमच्याकडे संधिवाताला डंख मारून देतो म्हणणारे फिरतात, कोणी माझ्याकडेही "दोन माश्या द्या गुडघ्याला" म्हणून येतं. मी देत नाही. कितीही जवळचा असला तरी.

घरच्यांनाच जास्त त्रास का होतो?

कारण त्यांना अधूनमधून एखादाच डंख बसतो, आणि विषाची, पेटीतल्या धुळीची ओळख मात्र रोज होते, कपड्यांवरून, जाळीवरून. ॲलर्जी तयार व्हायला एवढं पुरतं, ती थांबवायला पुरत नाही. आता सूट मी स्वतः धुतो, पेटीजवळच झटकून, उलटा करून, आणि घरात आणत नाही. धुण्याचा आणखी फायदा असा की जुन्या डंखांचा केळ्याचा वास कापडात राहतो आणि पुढच्या वेळी माशा त्याच जागेवर तुटून पडतात.

पेटी उघडली की मला शिंका येतात, नाक वाहतं. हा पण डंखाचा भाग?

डंखाचा नाही, पण दुर्लक्ष करू नका. पेटीवर काम करताना नाक-डोळे वाहणाऱ्या मधपाळांमध्ये पुढे डंखाची मोठी रिॲक्शन येण्याचं प्रमाण जास्त आढळलंय. डॉक्टरांना सांगा.

बीपीच्या गोळ्या चालू आहेत, काही प्रॉब्लेम?

असू शकतो. बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्यांमुळे गरजेच्या वेळी ॲड्रेनालिन नीट लागू पडत नाही. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, ते जास्त धोक्याचं. डॉक्टरांना फक्त एवढं सांगा की मी मधमाश्या पाळतो. कोणी हे विचारतच नाही, आपणच सांगावं लागतं. दम्याचं पण तसंच, दमा आटोक्यात नसेल तर पेटीवर जाऊ नका.

टेस्ट असते का? आणि कायमचा इलाज?

असते, कातडीवरची आणि रक्ताची. पण ज्याला सर्व अंगाची रिॲक्शन येऊन गेलीय त्याच्यासाठी. नुसती सहज म्हणून करू नका, डंख खाल्लेल्या भरपूर धडधाकट लोकांची टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि उगाच झोप उडते. रिॲक्शन येऊन गेल्यावर साधारण ४ ते ६ आठवड्यांनी करतात, लगेच केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

इलाज म्हणजे विषाची इम्युनोथेरपी. विषाचा अगदी सूक्ष्म डोस टोचायला सुरुवात करून हळूहळू १०० मायक्रोग्रॅमपर्यंत नेतात, म्हणजे साधारण एका-दोन डंखांएवढं, आणि मग ४ ते ८ आठवड्यांनी एक असं ३ ते ५ वर्षं. मधमाशीच्या ॲलर्जीत शंभरातल्या साधारण ८० जणांना पक्कं संरक्षण मिळतं. आपल्याकडे सगळीकडे होत नाही, मोठ्या शहरातल्या ॲलर्जी तज्ज्ञाकडेच विचारावं लागतं. आणि ते दवाखान्यातच, माणूस सांभाळायची सोय असेल तिथेच. "मी रोज एक माशी स्वतःला चावून घेतो, सवय करतो" असं एका पोराने मला अभिमानाने सांगितलं, त्याला मी जे बोललो ते इथे लिहिता येत नाही.

सातेरी, मेलिफेरा, आग्या... कोणाचा डंख जास्त?

सातेरी लहान, विष कमी, स्वभावही बरा. मेलिफेराचा झणझणीत. आग्या मोठी आणि मुख्य म्हणजे एकटी येत नाही. कोतीला काटाच नाही, ती फक्त केसात शिरून चावे घेते. विषं एकमेकांच्या जवळची आहेत, म्हणून मेलिफेराची ॲलर्जी असलेल्याने सातेरी पाळून पळवाट काढू नये. गांधीलमाशी वेगळ्या कुळातली, तिचा काटा बहुतेक वेळा तुटत नाही, परत परत मारते, तिची ॲलर्जी वेगळी असू शकते. डॉक्टरांकडे जाताना कोण चावलं ते सांगता आलं तर बरं, मेलेली माशी काडेपेटीत घालून न्या.

आग्यामोहोळ उठलं आणि शे-दोनशे डंख बसले तर?

हे ॲलर्जीचं प्रकरण नाही, विषबाधेचं आहे, आणि सवय असलेल्यालाही सोडत नाही. पळा, तोंड झाका, बंद गाडीत नाहीतर घरात शिरा. विहिरीत उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत वाट बघतात. हात हलवून हाकलू नका.

५० च्या आसपास डंख बसले तर बरं वाटत असलं तरी दवाखाना. लहान मूल, म्हातारं माणूस असेल तर त्याहून कमीत पण. इतक्या विषाने स्नायू आणि रक्तपेशी फुटतात, त्याचा कचरा किडनीत अडकतो, आणि हे लगेच कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी होते, कमी होते, तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून रक्त-लघवी तपासून, सलाइन लावून दवाखान्यात ठेवतात. युरोपियन माशीच्या हिशोबाने किलोमागे १९ डंख हा निम्म्या लोकांचा जीव जाईल असा अंदाज धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला हजाराच्या वर. पण त्याच्या कितीतरी आत माणसं गेलेली आहेत, त्या आकड्यावर विसंबून घरी बसू नका.

डोळ्याला किंवा तोंडात चावली तर?

पापणीला चावली तर डोळा बंद होतो, दोन-तीन दिवस लोक "काय, बायकोने मारलं का" विचारतात, बाकी काही नाही. बुबुळावर चावली तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर, काटा स्वतः काढायला जाऊ नका. तोंडात, घशात चावली तर ॲलर्जी नसली तरी सुजेनेच श्वास अडू शकतो, बर्फ चघळत लगेच निघा. उसाच्या रसाच्या गाड्यावर ग्लासात माशी असते, बघून प्या.

सगळ्यात जास्त कुठे दुखतं?

नाकपुडीत. याचा खरंच अभ्यास झालाय. कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकेल स्मिथने स्वतःच्या अंगावर २५ ठिकाणी मधमाशीचे डंख घेतले आणि दहापैकी मार्क दिले. नाकपुडीला ९, वरच्या ओठाला ८.७. डोक्याची कवटी, दंड आणि पायाच्या मधल्या बोटाचं टोक ही सगळ्यात सोपी, २.३. पुरुषांना जो पुढचा प्रश्न पडतो त्याचं उत्तर ७.३, म्हणजे नाकापेक्षा कमी. २०१४ मध्ये छापलं आणि २०१५ मध्ये त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं.

डंख कमी कसे बसतील?

बहुतेक डंख माशीच्या नाही, आपल्या घाईच्या नावावर असतात. ढगाळ हवेत, वाऱ्यात, संध्याकाळी उशिरा पेटी उघडली की चिडतात, कारण मकरंद-पराग गोळा करणाऱ्या म्हाताऱ्या माशा सगळ्या घरात असतात. फुलोरा संपल्यावर पण तेच, जांभूळ-गेळा जोरात असताना जी वसाहत गाईसारखी असते तीच पावसाळ्यात पाक देताना वाघीण होते. राणी नसलेली पेटी तर आवाजावरूनच कळते.

कपडे पांढरे, गुळगुळीत. काळं आणि लोकरीचं नको, दाट केसाळ काळं काही दिसलं की त्यांना अस्वल आठवत असणार. श्वास फ्रेमवर सोडू नका. अत्तर, सुगंधी तेल नको. पँटचे पाय मोज्यात खोचा, जाळीच्या गळ्याची चेन दोनदा बघा, माझे निम्मे डंख चेनच्या टोकाला राहिलेल्या बोटभर फटीतून आलेत. जाड चामडी मोज्यांनी हात आंधळे होतात, फ्रेमखाली माशा चिरडतात, आणि चिरडलेल्या माशीचा तोच केळ्याचा वास. मी पातळ रबरी मोजे घालतो, नाजूक कामाला बरे पडतात.

धूर आधी द्या, दारातून दोन फुंकर, अर्धा मिनिट थांबा, मग झाकण. धुराने तो इशाऱ्याचा वास झाकला जातो आणि माशा मध प्यायला खाली वळतात. पण धूर गार आणि पांढरा पाहिजे, वाळलेलं गवत, नारळाच्या शेंड्या. ठिणग्या उडत असतील तर त्यांना जाळताय तुम्ही.

ट्रेनिंग घ्या, यूट्यूबवर भागत नाही. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत आणि महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडून शिकायला मिळतं. हातात हात धरून फ्रेम कशी उचलायची ते कोणीतरी दाखवलं पाहिजे.

एकदा ॲनाफिलॅक्सिस झालं, आता पेट्या विकून टाकू का?

तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पेटीवर जाऊ नका, एवढं नक्की. नंतर कोणी इम्युनोथेरपी घेऊन परत येतात, कोणी पेट्या भावाला देऊन फक्त मध भरणं आणि विक्री बघतात. माझी बायको आता पेट्यांच्या बाजूला फिरकत नाही, हिशोब आणि बाटल्या तिच्याकडे. अंगणात पेटी ठेवायचं बंद केलं, सगळ्या डोंगरात नेल्या, आणि फ्रिजच्या वरच्या कप्प्यावर लाल डबा असतो, त्यात दोन अँप्यूल, दोन सिरिंज, डॉक्टरांची चिठ्ठी. दर दिवाळीला फराळाच्या यादीत शेवटची ओळ तिनेच लिहिलेली असते, "लाल डबा तारीख".